आधी कूलर बंद करा

भिलाईहून बोलतोय.

"साहेब, चाळीस-पन्नास हजार बाजूला काढलेत. अ‍ॅम्प बदलू की स्पीकर?" हा प्रश्न मला इंदूरहून येतो, बेळगावहून येतो, बडोद्याहून येतो, आणि इथे सेक्टरच्या बाजारात भाजी घेताना तर हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कूलर बंद करा.

लोक हसतात. पण मी नोकरी सिग्नल्समध्ये केली. संदेश नीट येत नसेल तर आधी गोंगाट कुठून येतोय ते शोधायचं, ट्रान्समीटरची ताकद वाढवायची गोष्ट नंतर, हे महूला शिकताना आमच्या हाडात मुरवलं गेलं. घरातल्या गाण्याला हाच नियम लागू आहे. माझ्या बैठकीत रात्री पंखा बंद असताना फोनमधल्या मीटरचा आकडा पस्तीसच्या आसपास असतो. कूलर लावला की पंचावन्न. फोनचा मीटर म्हणजे काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, पण फरक सांगायला पुरतो. हा फरक २० डेसिबलचा झाला. आता हिशोब बघा. आवाज ३ डेसिबल वाढवायला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते, १० वाढवायला दहापट आणि २० वाढवायला शंभरपट. म्हणजे कूलर चालू ठेवून तोच बारकावा ऐकायचा असेल, तर २० वॅटच्या जागी २००० वॅट हवेत. असा अ‍ॅम्प घरात आणलात तर शेजारी तक्रार करायलाही येणार नाहीत, घर सोडून जातील.

भिलाईत मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कूलर बंद करा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून खोली आधी तासभर गार करून घ्या आणि मग बंद करा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते. तेवढा वेळ निघतो.

आता क्रमाबद्दल. पैसा थोडा असेल तर तो कुठे लावायचा? ज्या मोर्च्यावर सगळ्यात जास्त पडझड झाली आहे, तिथे कुमक आधी जाते. चालू स्थितीतल्या बऱ्या अ‍ॅम्पमध्ये वेगवेगळ्या सुरांच्या पातळीत फरक पडतो तो डेसिबलच्या दशांशात. स्पीकरमध्ये तो दोन-चार डेसिबलचा असतो. आणि खोलीमुळे, विशेषतः खर्जात, दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो. हे तीन आकडे समोर ठेवले की दुकानदाराशी बोलणं फार सोपं होतं. तो पहिला आकडा सुधारायला सांगत असतो, कारण तिसरा सुधारायला त्याच्याकडे विकायला काही नसतं.

प्लांटचे क्वार्टर्स ज्यांनी पाहिलेत त्यांना खोलीचा मुद्दा चटकन कळेल. माझे वडील १९५८ मध्ये नागपूरहून इथे आले, पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू व्हायच्या आदल्या वर्षी. तेव्हापासूनच्या या घरांच्या भिंती पक्क्या, प्लास्टर कडक, फरशी थंड आणि गुळगुळीत. घर म्हणून उत्तम. गाण्याला मात्र प्रत्येक भिंत उलट उत्तर देते. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फुटांचं अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झचा सूर तिथे अडकून घुमत राहतो, आणि मग त्याची दुप्पट, ११२. खोलीची रुंदीही १० फूट आणि उंचीही १० फूट असेल तर दोघी मिळून तोच सूर वाढवतात. तबल्याचा डग्गा वाजला की प्रत्येक वेळी एकच 'धुम' ऐकू येते, मींड कळतच नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र स्पीकरला दोष देतात.

याची परीक्षा फुकट होते. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतंच आपल्याकडे. ते सिस्टीमवर लावा, पट्टी काळी एक ठेवा, आणि मग एकेक पट्टी वर न्या, खाली आणा. चारही तारा सारख्या वजनाने वाजायला हव्यात. एखाद्या पट्टीत एकच तार अंगावर येत असेल तर तो तानपुरा नाही, तुमची खोली गातेय. मग उठा आणि खोलीभर फिरा. एका जागी घुमारा असह्य होईल, दोन पावलांवर तो नाहीसा होईल. त्या दोन पावलांत खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवा. एक पैसा लागला नाही, आणि मी शपथेवर सांगतो, पन्नास हजारांच्या अ‍ॅम्पने एवढा फरक पडत नाही.

तबल्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर लिहिलं होतं. साध्या ढोलक्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, पण आपल्या तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे ते पटीत येतात, सुरात येतात. म्हणून तबला 'लागतो', सुरात मिळवता येतो. सिस्टीम ऐकताना याचा उपयोग असा की 'ना' आणि 'तिं' यांचा सूर ओळखू येतो का ते पाहायचं. नुसती टकटक ऐकू येत असेल तर काहीतरी बिघडलंय. विदेशी मासिकांत पियानो आणि जाझची तबकडी लावून परीक्षा घेतात. आपल्या कानाला जे वाद्य लहानपणापासून माहीत आहे, तेच घ्यावं.

जागा बदलण्याचे नियम थोडेच आहेत. स्पीकर शोकेसमध्ये नको. काच आणि लाकूड सोबतीला वाजतात. कोपऱ्यात नको, तिथे खर्ज फुगतो. मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या, दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर आणा. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. आमच्याकडे राखेच्या विटा मिळतात, त्या रचून वर जाड कापड घातलं की झालं. जड असतात, हलत नाहीत. घरातल्या मंडळींना दिसायला आवडत नाहीत हे खरं, त्यावर वाटाघाटी आपापल्या कराव्यात.

भिंतींसाठी गोधडी. एकाने आरसा हातात धरून बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायचा, तुम्ही खुर्चीत बसायचं. आरशात स्पीकर दिसला की तिथून आवाज उलटून तुमच्याकडे येतोय. तिथे गोधडी टांगा किंवा पुस्तकांचं कपाट हलवा. ही युक्ती नवी नाही. हार्वर्डला फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला कळत नसे, आवाज पाच सेकंदांहून जास्त घुमायचा. १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं गेलं. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावून घुमारा मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. सभागृहाच्या घुमाऱ्याचं गणित त्या गाद्यांतून जन्माला आलं. फक्त एक ध्यानात ठेवा, पातळ सतरंजी वरचे सूर शोषते, खर्जाला तिचा पत्ताही लागत नाही. खर्जासाठी कापसाची जाड गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करावी लागते. पाहुणे आले की तीच अंथरायला होते.

यानंतर येते डागडुजी, आणि इथे मला एक हकिगत सांगायची आहे.

आमच्या ओळीतले एक गृहस्थ रेल मिलमधून निवृत्त झाले. पत्नीला जाऊन काही वर्षं झाली. ऐंशीच्या दशकात सेक्टरच्या गणेशोत्सवात त्या भावगीतं म्हणायच्या, त्याची एकच कॅसेट घरात राहिली होती. ती लावली की आवाज रजईखालून आल्यासारखा. शब्द कळत नव्हते. त्यांनी दीड लाखाची नवी सिस्टीम पसंत करून ठेवली होती, निवृत्तीच्या पैशातून. मला म्हणाले, "साहेब, एकदा चलून बघा, मग ऑर्डर देतो."

मी कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक पेचकस घेऊन गेलो. डेकच्या हेडवर टेपची तपकिरी पूड बसून थर झाला होता. तो पुसला. आवाज थोडा उघडला, पण पुरेसा नाही. मग हेडचा कल. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लहर टेपवर जेमतेम पावणेपाच मायक्रॉनची असते. मोनो रेकॉर्डिंगचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद. आता वाजवणारं हेड रेकॉर्ड करणाऱ्या हेडच्या तुलनेत अंशाच्या पाचव्या भागाइतकं जरी तिरपं असलं, तरी एवढ्या वरचा सूर स्वतःलाच पुसून टाकतो. हेडच्या बाजूला त्याच्यासाठी एक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो केसभर फिरवला, थांबलो, पुन्हा केसभर. 'स' आणि 'श' वेगळे व्हायला लागले. मग एका जागी श्वास घेतल्याचा आवाज आला, ओळ सुरू व्हायच्या आधीचा.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. मी टेप थांबवली नाही.

त्या दिवशीचा खर्च अल्कोहोलच्या बाटलीचा. सर्वात आधी आम्ही ती कॅसेट माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, दोन प्रती केल्या, एक मुलीला पाठवली. जुनी टेप कधी तुटेल सांगता येत नाही. तुमच्याकडे अशी टेप असेल तर सिस्टीम सुधारण्याच्या यादीत हे काम सगळ्यात वर लिहा. आणि स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर रंगाचा ठिपका द्या, कारण त्या एका टेपसाठी बसवलेला कल बाकीच्या कॅसेटना चालेलच असं नाही.

डागडुजीत आणखी काय? स्पीकरच्या तारांची प्लस-मायनस. एका बाजूची उलटी लागली असेल तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज मारतात आणि गायक मधोमध न दिसता खोलीभर पसरतो. तारा स्पीकरच्या मागे लाल-काळ्याला बरोबर आहेत का, हे अ‍ॅम्पपासून तार सोडवून दीड व्होल्टच्या सेलने तपासता येतं: सेलचा प्लस लालला क्षणभर टेकवला की कोन पुढे यायला हवा. कोनाभोवतीची फोमची कड बोटाला चिकटत असेल, भुगा होत असेल, तर ती बदलून मिळते, अख्खा स्पीकर टाकू नका. अ‍ॅम्पमधले कॅपॅसिटर उष्णतेने वाळतात, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं असा ढोबळ नियम आहे. म्हणून अ‍ॅम्पच्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी हा प्रकार बंद करा. आतलं काम मात्र माहीतगार माणसाकडून करून घ्या. बंद अ‍ॅम्पही झटका देतो.

तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. सुई ५०० ते १००० तासांनी बदलावी, झिजलेली सुई तबकडी खाते. वजन सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजा आणि कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यावर आणा. अंदाजाने हलकं ठेवू नका, हलकी सुई उडते आणि खोबणीच्या भिंती फोडते. आणि आजोबांच्या ७८ च्या नाट्यगीतांना एलपीची सुई लावू नका. त्यांची खोबण कितीतरी रुंद आहे, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची १८ च्या आसपास असते. ती तळाशी घासत जाते आणि खरखर गोळा करते. ७८ ची वेगळी सुई ही जुन्या मराठी घरातली सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठी सुधारणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारांवर मी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. पाच मीटर लांब जोडीचा जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम होतो, स्पीकर ८ ओहमचा आहे. विषय संपला. कुणी बोटाएवढी जाड तार हजारोंना विकत असेल तर त्याला म्हणा, पडदा लाव आणि माझ्या पत्नीला तारा बदलू दे, मी कोणती चालू आहे ते ओळखून दाखवतो. मात्र आवाजाची पातळी दोन्ही वेळा तंतोतंत सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज कानाला 'सुधारलेला' वाटतो. दुकानात हीच युक्ती चालते.

आणि कान. तोफेजवळ उभे राहिलेले आम्ही, मिलमध्ये तीस वर्षं काढलेले आमचे शेजारी, दोघांच्याही ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झपाशी खड्डा आहे. साठीनंतर वरचे सूर सगळ्यांचेच जातात. वीस हजार हर्ट्झपर्यंत पोचणाऱ्या ट्वीटरचे पैसे देण्याआधी ऑडिओग्राम काढून घ्या. आपल्याला काय ऐकू येतं हे कळलं की यादीतल्या निम्म्या वस्तू आपोआप गळतात.

हे सगळं करून महिना झाला, तरी मन भरलं नाही, तर मग स्पीकर बदला, अ‍ॅम्प नाही. आणि दुकानात ऐकून नाही, घरी आणून, आपल्या खोलीत, आपल्या तानपुऱ्यावर. आमचे शेजारी ऑर्डर द्यायचे ते राहिलेच. परवा हेडफोन घेतले त्यांनी, रात्री ऐकायला. पुढच्या भागात कॅसेट संगणकावर कशी उतरवायची ते सावकाश दाखवतो, वही-पेन घेऊन बसा. जय हिंद.