कवळी, चष्मा आणि एक राजीनामा

आज आपण अर्थसंकल्पाबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, आकडे थोडेच आहेत. सुरुवात मी माझ्या आजीच्या चष्म्यापासून करतो.

आम्ही इंदूरचे. घरात आजी आणि तिच्या धाकट्या जाऊबाई, दोघींना मिळून एकच चष्मा होता. सकाळी पोथी वाचायला आजी घ्यायची, दुपारी गहू निवडायला काकीआजी घ्यायच्या. तो मुळात कुणाच्या डोळ्यांसाठी केला होता, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. बहुधा आजोबांचा असावा. पुढे कधीतरी एका शिबिरात दोघींचे डोळे फुकट तपासले, चष्मे मिळाले. काकीआजी नवा चष्मा लावून तुळशीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, मंजिऱ्यांना फुलं असतात होय!’’

चष्मा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे ब्रिटनच्या एका खासदाराची गोष्ट वाचनात आली. फुकट चष्मे आणि फुकट कवळ्या बंद होऊ नयेत म्हणून या माणसाने मंत्रिपद सोडलं होतं. आधी मला हसू आलं. कवळीसाठी राजीनामा? मग काकीआजी आठवल्या आणि हसू थांबलं.

त्यांचं नाव अनायरिन बेव्हन. लोक त्यांना ‘नाय’ म्हणत. जन्म १८९७ सालचा, वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणींच्या गावातला. तेराव्या वर्षी ते कोळशाच्या खाणीत कामाला लागले. लहानपणी बोलताना अडखळायचे, आणि हाच मुलगा पुढे पार्लमेंटमधल्या सर्वांत प्रभावी वक्त्यांपैकी एक झाला. वडीलही खाणकामगार. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन ते १९२५ साली गेले.

या ट्रेडेगरमध्ये एक चांगली सोय होती. कामगार आपल्या पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे एका वैद्यकीय मदत संस्थेत भरत आणि त्याबदल्यात त्यांच्या घरच्यांना डॉक्टर, औषध, दवाखाना मिळे. आपल्याकडच्या भिशीसारखंच म्हणा ना! फरक इतकाच, की इथे नंबर लागायचा तो आजारी माणसाचा. बेव्हन या संस्थेच्या कामात होते. जे एका गावाला जमतं ते सगळ्या देशाला का जमू नये, हा प्रश्न त्यांनी तिथून उचलला.

१९२९ मध्ये ते खासदार झाले. १९४५ मध्ये क्लेमेंट ॲटलींचं मजूर पक्षाचं सरकार आलं. आपल्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झालं ते याच ॲटलींच्या काळात. त्यांनी बेव्हनना आरोग्यमंत्री केलं आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. नियम साधा होता. खर्च करातून भागवायचा आणि दवाखान्याच्या दारात कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

मग काय झालं? रांगा लागल्या. पहिल्या वर्षभरात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. त्याआधी गरीब माणूस वूलवर्थच्या दुकानात जायचा, काउंटरवरचे चष्मे एकेक करून डोळ्यांना लावून बघायचा आणि ज्याने बरं दिसेल तो विकत घ्यायचा. दातांचं तर विचारूच नका. पुढे उपचारांना पैसे पडतील म्हणून तरुण वयातच सगळे दात काढून कवळी बसवून घेणारी माणसं होती.

खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला. लोक फुकटाचा फायदा घेतात, अशी टीका सुरू झाली. पण जरा विचार करा, गरज नसताना कवळी कोण बसवून घेईल? ती वर्षानुवर्षं साठलेली गरज होती. घरातले मोतीबिंदू, किडलेले दात, अर्धवट दिसणं, हे सगळं तोवर सरकारच्या हिशोबात नव्हतं. ते एकदम हिशोबात आलं, एवढंच.

आता १९५१ कडे येऊ. आदल्या वर्षी जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या बरोबरीने ब्रिटननेही शस्त्रसज्जतेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तीन वर्षांत ४७० कोटी पौंड. ॲटली आजारी पडून इस्पितळात होते. नवे अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी १० एप्रिल १९५१ रोजी अर्थसंकल्प मांडला. आरोग्य सेवेच्या खर्चाला त्यांनी ४० कोटी पौंडांची मर्यादा घातली, आणि तिच्यात बसण्यासाठी कवळी व चष्मा यांची निम्मी किंमत रोग्याने द्यावी असं ठरवलं. यातून पहिल्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तीन वर्षांचे ४७० कोटी आणि एका वर्षाचे १ कोटी ३० लाख. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते. त्यांनी मंत्रिमंडळात विरोध केला, ऐकलं गेलं नाही, आणि त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हे आणखी दोन मंत्री बाहेर पडले. २३ एप्रिलला बेव्हन कॉमन्स सभागृहात मागच्या बाकावरून बोलायला उभे राहिले.

त्यांचे मुद्दे दोन होते. पहिला असा, की एवढी शस्त्रं बनवायला लागणारा कच्चा माल आणि यंत्रं देशात नाहीत, तेव्हा हे पैसे ठरल्या वेळेत खर्चच होऊ शकत नाहीत. मग जो पैसा खर्च होणार नाही, त्याच्यासाठी चष्मा का कापायचा? दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. महागाई दर वर्षी वाढणार आणि तुम्ही आरोग्याच्या खर्चाला वरून झाकण लावलंत, तर दर वर्षी आतून काहीतरी बाहेर फेकावंच लागेल. यंदा कवळी आणि चष्मा. पुढच्या वर्षी औषधं? त्याच्या पुढच्या वर्षी खाटेचं भाडं? तुम्ही थांबणार कुठे?

गोष्ट एकतर्फी सांगायची नाही, म्हणून समोरची बाजूही ऐका. गेट्स्केल काही निर्दय माणूस नव्हते. त्याच अर्थसंकल्पात त्यांनी वृद्धांचं पेन्शन वाढवलं होतं. अगदी निर्धनांना मदत मिळण्याची सोय ठेवली होती. त्यांचा प्रश्नही खरा होता, की पैसे मर्यादित आहेत, मग कोणत्या खर्चाला आधी हात लावायचा ते तुम्ही सांगा. बेव्हनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १९४९ मध्ये ते स्वतः आरोग्यमंत्री असताना औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार देणारा कायदा झाला होता. तो त्यांनी नाइलाजाने मान्य केला आणि अमलात येऊ दिला नाही, पण मान्य केला होता. शिवाय अर्थमंत्रिपद आपल्याला मिळालं नाही याचा सलही त्यांच्या मनात होता, असं त्यांचे टीकाकार म्हणत. त्या दिवशीचं भाषणही फार रागात झालं. ज्यांना पटवायचं होतं तेच दुखावले गेले.

आणि ते हरले. शुल्क लागू झालं. ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मतं मिळाली, पण जागा कमी. चर्चिल पंतप्रधान झाले. पक्षातल्या भांडणाचा फटका बसला, असं आजही अनेक जण म्हणतात.

मग ही हरलेल्या माणसाची गोष्ट मी तुम्हाला का सांगतोय?

कारण पुढे काय झालं ते बघा. शस्त्रांवर ठरलेला खर्च ठरल्या मुदतीत होणार नाही, हे त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द चर्चिलनी सभागृहात कबूल केलं. बेव्हनचं म्हणणं बरोबर निघालं, हेही म्हणाले. अर्थात चर्चिलच ते, एक टोमणा मारूनच म्हणाले. आणि १९५२ मध्ये औषधांच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क लागलं, दातांच्या उपचारांवरही लागलं. ‘‘थांबणार कुठे?’’ या प्रश्नाचं उत्तर एका वर्षात आलं.

बेव्हनबरोबर राजीनामा दिलेले विल्सन पुढे पंतप्रधान झाले. त्यांनी १९६५ मध्ये औषधांवरचं शुल्क काढून टाकलं, आणि पौंडाचं अवमूल्यन झाल्यावर १९६८ मध्ये त्यांच्याच सरकारने ते परत लावलं. सरकारी तिजोरीला एकदा एखाद्या उत्पन्नाची सवय लागली की ती सुटणं किती कठीण, ते यातून दिसतं. इंग्लंडमध्ये ते शुल्क अजून आहे. बेव्हनच्या वेल्सने मात्र २००७ मध्ये ते बंद केलं. म्हणजे पंचावन्न वर्षं लागली.

आता आपल्या घरात येऊ.

आपल्या लोकसभेत एखाद्या खासदाराला वाटलं, की आरोग्यासाठी किंवा अंगणवाडीसाठी ठेवलेले पैसे कमी आहेत, ते वाढवा, तर त्याने काय करायचं? तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण रक्कम वाढवण्याची सूचना तो मांडूच शकत नाही. आपल्या राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदाप्रमाणे खर्चाची मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच येते, म्हणजे सरकारकडूनच. लोकसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यसभेला तर या मागण्यांवर मतदानच नाही.

मग उरतं काय? कपात सूचना. आरोग्य खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना खासदाराने द्यायची आणि त्या निमित्ताने आपली तक्रार सभागृहात मांडायची. गंमत बघा, कपातीला विरोध करणाऱ्यालाच आधी शंभर रुपयांची कपात मागावी लागते! ती सूचना मंजूर होत नाहीच. आणि ठरलेल्या दिवशी वेळ संपली, की ज्या खात्यांवर चर्चा झाली नाही त्यांच्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला तिथे ‘गिलोटिन’ म्हणतात. कोट्यवधी रुपयांच्या मागण्या चर्चेशिवाय काही मिनिटांत मंजूर होतात.

सत्ताधारी पक्षाच्या खासदाराचं काम आणखी अवघड. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकीच जाऊ शकते. बेव्हन मंत्रिपद सोडून मागच्या बाकावर बसू शकले. आपल्याकडे विरोधी मत दिलं तर ते बाकही जाण्याची भीती.

तरीही आवाज उठतो, आणि कधी कधी उपयोगही होतो. २०१५-१६ चं उदाहरण घ्या. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना, १९७५ पासूनची. तिची केंद्राची तरतूद त्या वर्षी सुमारे १८ हजार कोटींवरून सुमारे ८ हजार कोटींवर आली. सरकारचं म्हणणं होतं, की चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, आता राज्यांनी भार उचलावा. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण राज्याच्या तिजोरीत आलेला पैसा अंगणवाडीपर्यंत पोचेलच, याची हमी कुणी दिली होती? त्या खात्याच्या मंत्री मनेका गांधी यांनीच अर्थमंत्र्यांना पत्र लिहून काळजी कळवली, वार्ताहरांशीही त्या उघडपणे बोलल्या. विरोधी पक्ष बोलले, अंगणवाडी सेविका रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी पुरवणी मागण्यांतून बरीचशी रक्कम परत आली.

पण मधले महिने? पैसे नंतर परत येतात, पण दोन वर्षांच्या मुलाचं वय थांबून राहत नाही. ज्या महिन्यात खिचडी शिजली नाही, त्या महिन्याची वाढ सुधारित अंदाजपत्रकात भरून निघत नाही. म्हणून कपातीला विरोध वेळेवर करावा लागतो, आणि सभागृहात, सगळ्यांना ऐकू जाईल असा करावा लागतो.

मला या सगळ्यातून एवढंच सांगायचंय. कपात कधी ‘आम्ही आरोग्य बंद करतोय’ असं म्हणत येत नाही. ती लहान रकमेची असते, आणि ज्यांच्या बाजूने कुणी फारसं बोलत नाही त्यांच्यापासून सुरू होते. बोळकं झालेली म्हातारी, अंगणवाडीतलं पोर. कारणही नेहमी वजनदार असतं: युद्ध, तूट, आयोगाचा अहवाल. अशा वेळी लोकप्रतिनिधीचं पहिलं काम म्हणजे उभं राहून विचारणं, ‘‘थांबणार कुठे?’’ तो हरला तरी प्रश्न कामकाजात नोंदला जातो आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तो काढून दाखवू शकतो.

आपलं कामही अवघड नाही. तुम्ही बेळगावात असा, वडोदऱ्यात, हैदराबादेत नाहीतर ग्वाल्हेरात, तुम्हाला एक खासदार आणि एक आमदार आहेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने लिहून दिलंय, की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सार्वजनिक खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. हे लेखी वचन आहे. पुढच्या वेळी ते मत मागायला किंवा लग्नाला आले की एक प्रश्न विचारा: साहेब, त्या अडीच टक्क्यांचं काय झालं? आणि तुम्ही त्यावर सभागृहात कधी बोललात का?

एवढंच विचारा. माझ्या काकीआजींना मंजिऱ्यांची फुलं दिसली ती वयाच्या सत्तरीत. ती त्यांना तिशीतच दिसायला हवी होती.