लिव्हर ‘पी’मध्ये जात नाही?

पावसाळ्यात औंढ्याकडे फिरायला आलेली पोरं उतारावर गाडी लावतात आणि मला विचारतात, “दादा, लिव्हर पी-मध्ये जात नाहीये!” आधी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. गाडी घरंगळली तर बाकी बोलणं फुकट.

मग बघा, गाडीत ‘पी’ आहे का? २०१४च्या सेलेरिओसारख्या एएमटीत तो नसतोच. ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, ‘डी’ किंवा ‘आर’मध्येच इंजिन बंद करायचं.

‘पी’ आहे, पण लिव्हर मध्येच अडतंय? खाली फटीत नाणं वगैरे अडकलंय का बघा. लिव्हर गेलं, तरी मीटरवर ‘आर’च? मग बहुतेक केबल सैल झालीय, नाहीतर तिचं बुश तुटलंय. मेकॅनिक थेट गिअरबॉक्स उघडायला निघाला, तर म्हणावं, आधी केबल बघ.