आजची मोडी
(एका गांवच्या माध्यमिक शाळेंत पालकांच्या सभेपुढें झालेलें भाषण)



शेतांतलें काम टाकून, भट्टी विझवून, माग थांबवून आपण येथें आलां, याबद्दल शाळेच्या वतीनें मी आपला आभारी आहें. तुमचा वेळ मोलाचा आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतों. आपल्या मुलांना नीट वाचतां येतें काय, आणि मोबाईल व संगणकावर आपल्या घरचें काम त्यांना करतां येतें काय, हे दोन प्रश्न आज आपल्यापुढें आहेत. ते दोन दिसतात, पण त्यांचें मूळ एकच आहे.

१८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि तिच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होते, हें त्यांनीं स्पष्ट मांडलें. मुलांना काय शिकवावें हेंही त्यांत आहे. बाळबोध आहे, हिशेब आहे, शेतीची माहिती आहे, आरोग्याचे चार धडे आहेत, आणि मोडीही आहे. मोडी कशाला? त्या काळीं जमिनीचे व देण्याघेण्याचे कागद मोडींत लिहीत असत. ज्याला मोडी येत नसे, त्यानें दुसरा वाचील तें खरें मानावें आणि तो दाखवील तेथें आंगठा उठवावा!

बांधवांनो, आजची मोडी म्हणजे संगणक. सातबारा संगणकावर गेला. पंधरा रुपये भरले कीं डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. २०२१ पासून शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करावी अशी पद्धत राज्यभर सुरू झाली. २०२३ सालीं सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, परीट, न्हावी अशा १८ धंद्यांसाठीं पी. एम. विश्वकर्मा योजना निघाली. तिची नोंदणीही संगणकावरच. जमीन आपली, हत्यार आपलें, पण बटण दाबणारा मात्र दुसरा! तेव्हां आंगठा शाईनें उठत होता, आज तो कांचेवर उठतो. कागदावर काय लिहिलें आहे हें कळत नसेल, तर फरक काय पडला?

कोणी म्हणेल, "मास्तर, आमचें पोरगें मोबाईलमध्यें आमच्यापेक्षां हुशार आहे." तर मग ऐका. २०२३ सालीं 'असर' या पाहणींत देशांतील २८ जिल्ह्यांतल्या खेड्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना तपासलें. सुमारें नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन निघाला. पण चारांतल्या एकाला आपल्या भाषेंतला दुसरीच्या पुस्तकांतला उतारा सरळ वाचतां येईना, आणि तीन आंकडी संख्येला एका आंकड्यानें भागणें निम्म्याहून अधिकांना जमेना. यंत्र घरांत आलें, अक्षर डोक्यांत आलें नाहीं. चित्रें पाहावयास अक्षर लागत नाहीं. नुसतें बोट सरकविणें म्हणजे विद्या नव्हे.

याचा तोटा पैशांत होतो. "तुमचे पाच हजार जमा व्हावयाचे आहेत, पिन टाका," असा फोन येतो. पडद्यावर पैसे देण्याचें लिहिलेलें असतें. जो वाचतो तो थांबतो, जो वाचत नाहीं त्याचें खातें रिकामें होतें. येथें बसलेल्या प्रत्येकानें गांठ मारून ठेवावी : पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. फसगत झालीच, तर वेळ न दवडतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

आतां शाळेनें काय करावें? पहिलें, रोज अर्धा तास वाचन. तें केवळ मराठीच्या शिक्षकाचें काम नव्हे. गणिताच्या व शास्त्राच्या शिक्षकांनींही तें करावें. मुलगा नववींत असला तरी त्याला जेथपर्यंत वाचतां येतें तेथूनच धरावें, त्यांत लाज नाहीं. मोठ्यानें वाचावें, आणि वाचलेलें आपल्या शब्दांत सांगावें.

दुसरें, संगणकाच्या खोलीचें कुलूप निघावें. एका यंत्रावर दोघे बसावे. एकानें वाचावें, दुसऱ्यानें टंकावें, मग अदलाबदल. इनस्क्रिप्ट पद्धतींत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला असतात. रोजच्या सरावानें मराठी टंकन हातांत बसतें. काम मात्र घरचें द्यावें. आपल्या सातबाऱ्यावरचें क्षेत्र, नांवें, इतर हक्कांतला बोजा वाचावा. तलाठ्याला अर्ज लिहावा. बीं, खत, मजुरी यांचा खर्च रकान्यांत मांडावा. बेरीज आधीं पाटीवर, मग यंत्रावर. म्हणजे यंत्र चुकीचा आंकडा घेऊन बसलें तरी पोराच्या ध्यानांत येईल.

आणि तुम्हीं काय करावें? मुलीच्या हातीं मोबाईल द्यावा. त्याच पाहणींत, मोबाईल वापरतां येणाऱ्या मुलांपैकीं सुमारें ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकीं २० टक्क्यांकडेही नव्हता. मुलगी बिघडेल म्हणून यंत्र लपवावयाचें, आणि उद्यां तिच्या नांवचा अर्ज परक्याकडून भरून घ्यावयाचा, ही कोणती शहाणीव? संध्याकाळीं मुलांकडून विजेचें बिल, खताच्या पोत्यावरचा मजकूर, सोसायटीची नोटीस वाचून घ्या. तुम्हांला स्वतःला वाचतां येत नसलें तरी ऐकतां येतें, आणि "म्हणजे काय?" असें विचारतां येतें. तो प्रश्न मोठा मास्तर आहे.

शाळेलाही विचारा. संगणकाची खोली या महिन्यांत किती दिवस उघडली? माझ्या मुलानें किती पानें वाचलीं? हा विचारण्याचा हक्क तुमचा आहे, आणि उत्तर देणें आमचें काम आहे. पुढल्या सभेला येतांना हे दोन प्रश्न घेऊनच या, एवढीच माझी विनंति.