एक पती, एक पत्नी

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘पूर्व व पश्चिम येथील विवाहाच्या कल्पना’ असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी काही पंडिता नव्हे. म्हणून घरापासूनच सुरुवात करते.

माझ्या थोरल्या काकूला मूल नव्हते. म्हणून १९४४ साली काकांनी दुसरे लग्न केले. त्या लग्नाच्या पंक्ती काकूनेच वाढल्या. दोनच वर्षांनी, १९४६ साली, मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करण्याची कायद्याने बंदी झाली. काकूच्या दृष्टीने मात्र उशीर झाला होता.

हे ऐकून माझी नातसून म्हणाली, “आजी, इंग्लंडात असे चालले नसते.” खरे आहे. तिकडे एकाच विवाहाचा नियम फार जुना. पण तेथील १८५७ चा घटस्फोटाचा कायदा पाहा. बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला काडीमोड मिळे. नवऱ्याचा व्यभिचार मात्र बायकोला पुरत नसे. त्याच्या जोडीला छळ, त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद १९२३ साली गेला. म्हणजे लग्न एकच, पण मापे दोन!

आपल्याकडे तरी निराळे काय होते? पुरुषाला कितीही बायका. स्त्रीला मात्र बहुतेक समाजांत एकच नवरा. तेव्हा एकनिष्ठेचा नेम दोन्हीकडे होता, आणि त्याचा भार दोन्हीकडे स्त्रीवरच अधिक होता.

आपल्या मुंबईच्या रखमाबाईंची गोष्ट तर याहून बोलकी. बालपणी लागलेल्या लग्नाचा नवरा ‘नांदायला ये’ म्हणून कोर्टात गेला. हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला. १८८७ साली कोर्टाने निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. बाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली! पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. इंग्लंडने १९७० साली तो दावा रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तो राहिला. जाच पूर्वेचा की पश्चिमेचा, सांगा बरे!

आता पुन्हा काकूकडे येते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, सवत हयात असेल तर, अशा पहिल्या बायकोला घटस्फोट मागण्याचा हक्क दिला. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्र वाचून तिला ते समजावले. काकू भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “भाऊजी, कायद्याने दार उघडले खरे. पण बाहेर पडून जाऊ कुठे?”

वडील निरुत्तर झाले. मी तेव्हा लहान होते, पण तो प्रश्न आजवर विसरले नाही.

भगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते आपल्या शिवणवर्गात आहे, मुलीच्या शिक्षणात आहे, तिच्या नावच्या बँकेच्या पुस्तकात आहे. ज्या स्त्रीला जायला जागा आहे, तिचे घरी राहणे हे खरे राहणे. मग ते घर पूर्वेचे असो वा पश्चिमेचे.