उडी येतेच, थांबणं शिकवावं लागतं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातले बदल’ असा विषय सुचवला होता. त्या क्षेत्रावर माझं पोट चालतं, तक्रार नाही. पण जेवणाचा वास यायला लागल्यावर त्यावर कुणी ऐकून घेईल असं मला वाटलं नाही. म्हणून मी रविवारी सकाळी साडेसहाला जे करते, त्याबद्दल बोलणार आहे. तपोवनाच्या बाजूला एका मोकळ्या जागेत आम्ही सात-आठ जण आपापली कुत्री घेऊन जमतो आणि त्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवतो. या खेळाला अ‍ॅजिलिटी म्हणतात. त्याचाच एक चुलतभाऊ आहे, त्याचं नाव फ्लायबॉल.

अ‍ॅजिलिटीचा जन्म गमतीशीर आहे. लंडनला तेव्हा क्रफ्ट्स नावाचं कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं. 1978 साली तिथे दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून काहीतरी करमणूक हवी होती. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती असतात, त्यांची छोटी नक्कल करून कुत्र्यांना पळवलं. लोकांना ते इतकं आवडलं की मूळ कार्यक्रम बाजूला राहिला आणि मधल्या वेळेचा खेळ जगभर गेला. आपल्या गॅदरिंगमध्येही पडदा बदलताना जे पुढे उभं राहून नकला करायचे, त्यांच्याच नकला आज सगळ्यांना आठवतात. तसंच.

खेळ असा. उड्या मारायचे आडवे दांडे, टांगलेलं टायर, कापडी बोगदा, एका ओळीत रोवलेल्या बारा काठ्या, ज्यांच्यामधून नागमोडी जायचं, तिरकी चढ-उताराची फळी, उंच अरुंद पूल आणि सी-सॉ. परीक्षक दर वेळी क्रम बदलतो. माणसाने कुत्र्याबरोबर धावत त्याला योग्य क्रमाने न्यायचं. पट्टा नाही, हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. फक्त आवाज आणि अंग.

आमचं सामान नाशिकला शोभेल असं आहे. दांडे इलेक्ट्रिकच्या कामाच्या पीव्हीसी पाइपचे. काठ्या मांडववाल्याकडच्या बांबूंच्या. टायरच्या जागी ठिबकच्या जाड नळीचं कडं, त्याला जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली. बोगदा मुलांच्या खेळण्यातला, दोनदा फाटून दोनदा शिवलेला. पूल मात्र पंचवटीतल्या एका सुताराकडून नीट करून घेतला, कारण त्यावरून पडलं तर लागतं. तो सुतार आधी म्हणाला, ‘ताई, कुत्र्याला पूल कशाला, ते खालून जाईल की.’ त्याचं बरोबर होतं. पहिले तीन रविवार सगळी कुत्री खालूनच गेली.

आता मूळ मुद्दा. बघणाऱ्याला वाटतं की उडी शिकवणं अवघड असेल. उडी कुत्र्याला येतेच. आमची भुरी वर्षाची होती तेव्हा गच्चीच्या कठड्यावर चढून बसली होती, तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागतं ते थांबणं. सुरुवातीच्या रेघेपाशी बसून राहायचं. मालक दहा पावलं पुढे जातो, तरी उठायचं नाही. तिरक्या फळीवरून धावत खाली येताना शेवटचा भाग वेगळ्या रंगाने रंगवलेला असतो, त्या रंगावर किमान एक पाऊल पडलंच पाहिजे. वरूनच उडी मारली तर गुण जातात. हा नियम कुत्र्याच्या खांद्यांची काळजी म्हणून आहे, पण त्याचा परिणाम असा की सगळ्यात वेगवान कुत्र्याला सगळ्यात जास्त संयम शिकावा लागतो.

आणि मला हे शिकण्याची गरज शर्यतीसाठी पडली नव्हती.

ऑगस्ट 2019मध्ये गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुतीला पाण्याने वेढलं, त्या आठवड्यात भुरी आमच्याकडे आली. घाटावरचं पिल्लू, गावठी, शेपटी वर वळलेली. वर्षभरात ती मोठी झाली आणि पळणाऱ्या प्रत्येकाच्या मागे धाव घ्यायला लागली. चावली कुणालाच नाही. पण पट्ट्याला हिसका देत भुंकत अंगावर जाणारं कुत्रं चावणार नाही, हे समोरच्याला कसं कळणार? दुसऱ्या मजल्यावर सात वर्षांची एक मुलगी होती. तिला आधी दुसरीकडे एक कुत्रं चावलं होतं, पाचही इंजेक्शनं झाली होती. भुरी लिफ्टपाशी दिसली की ती जिन्यात भिंतीला चिकटून उभी राहायची. आवाजही काढायची नाही. ते मला भुंकण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं.

सोसायटीत सह्यांचा कागद फिरला. कुत्रं काढा. बावीस घरांपैकी चौदा सह्या. माझ्या भावाने नियम शोधून काढले, की पाळीव कुत्रं ठेवायला सोसायटी सरसकट बंदी करू शकत नाही. नियम माझ्या बाजूचा होता, ते खरं. पण नियम दाखवून त्या मुलीची भीती जाणार नव्हती, आणि भुरीला परत घाटावर सोडणं माझ्याच्याने झालं नसतं. मी सभेत सहा महिने मागून घेतले.

मग पुण्याच्या एका प्रशिक्षकाकडे चार शनिवार-रविवार जाऊन आले. पहिल्या दिवशी त्यांनी कुत्र्यांना गाडीतच ठेवायला सांगितलं आणि आम्हा माणसांना मैदानात रिकाम्या हाताने पळवलं. कारण कुत्रं शब्दाआधी तुमचं अंग वाचतं. तोंडाने ‘डावीकडे’ म्हणालात आणि खांदा उजवीकडे वळला, तर ते उजवीकडे जातं, आणि त्याचं बरोबर असतं. अजूनही आम्ही तपोवनात आधी कुत्र्यांशिवाय फेरी मारतो, हात हलवत, हवेशी बोलत. फिरायला येणारे आजोबा लोक थांबून बघतात. एकाने विचारलं होतं, कुठल्या बाबांचा योग आहे म्हणून.

घरी आल्यावर पहिली अडचण आली भाषेची. मी ‘बस’ ही आज्ञा ठरवली. आता मराठी घरात ‘बस’ किती वेळा म्हणतात ते मोजा. वाढताना बस, भांडताना बस झालं, पाहुण्यांना बसा ना, कोपऱ्यावरून सिटी बस. भुरी दिवसभर उठबस करायला लागली, आणि काही दिवसांनी तिने ऐकणंच सोडलं. तिच्या दृष्टीने तो शब्द म्हणजे पंख्याचा आवाज. शेवटी मी आपल्या पी.टी.च्या सरांची आठवण काढली. सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते. तुम्ही ‘साऽऽव’ म्हणायचात आणि एक श्वास थांबायचात, मग ‘धान’. त्या मधल्या श्वासात चारशे मुलं कान टवकारायची. मी तेच केलं. आधी नाव, मग श्वास, मग हुकूम. ‘भुरी... टेक.’ ‘टेक’ हा शब्द आमच्या घरात दुसऱ्या कशासाठी वापरत नाहीत. सासूबाईंना सुद्धा बंदी आहे, आणि त्या पाळतात.

दुसरी गोष्ट वेळेची. बक्षीस योग्य क्षणी मिळालं तरच कुत्र्याला कळतं की ते कशाचं. भुरी बसली, तुम्ही खिसा चाचपला, पिशवी उघडली, तोवर ती उठली आणि मग पनीर मिळालं, तर ती उठायला शिकली. म्हणून अचूक क्षणी एक छोटा ठरलेला आवाज करायचा आणि खाऊ मागून द्यायचा. डॉल्फिनला पोहताना पाण्यात मासा कसा भरवणार? तिथे शिट्टी वाजवत. कॅरन प्रायर या बाईंनी डॉल्फिनकडून शिकलेली ही रीत 1984च्या पुस्तकातून कुत्रेवाल्यांपर्यंत आणली. आमच्यातल्या काही जणांना अजून वाटतं की दोन फटके दिल्याशिवाय जनावर शिकत नाही. फटक्याने कुत्रं थांबतं, हे खरं आहे. पण ते तुमच्या हातापुरतं थांबतं. हात नसला की पुन्हा सुरू. मला तर भुरी मी नसताना, सासऱ्यांच्या हाती पट्टा असताना, मूल पळत गेल्यावर थांबायला हवी होती.

आपण सातवीत होतो, मार्च 1993, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. वर्गात वर्तमानपत्र फिरलं होतं. त्या काळात मुंबई पोलिसांकडे झंजीर नावाचा लॅब्राडॉर होता, पुण्यात पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला. त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून दिलं. 2000 साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसांनी इतमामाने निरोप दिला. स्फोटकं हुडकणाऱ्या कुत्र्याला देशप्रेम वगैरे काही माहीत नसतं. त्या वासापाशी शांत बसलं की चेंडू मिळतो किंवा खाऊ मिळतो, एवढंच त्याला ठाऊक असतं. तिथे पंजा मारला, उकरलं, तर सगळेच गेले. म्हणजे तिथेही कळीची गोष्ट तीच, सापडल्यावर थांबणं.

आता फ्लायबॉल, कारण आमच्या वर्गातल्या मुलांना तोच आवडतो. मूळ कॅलिफोर्नियातला. चार कुत्र्यांचा संघ, रिले शर्यत. चार अडथळे ओलांडून 51 फुटांवरच्या पेटीला पंजे मारायचे, आतून चेंडू उडतो, तो पकडून तसंच परत. पहिलं परतलं की दुसरं सुटतं. अव्वल संघ चारही कुत्री मिळून पंधरा सेकंदांच्या आत संपवतात. आमचा विक्रम मी सांगणार नाही, त्यात एकदा बीगल चेंडू घेऊन कपिला संगमाकडे निघून गेला होता. या खेळातला मला आवडणारा नियम असा, की अडथळ्यांची उंची संघातल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्यावरून ठरते. त्यामुळे प्रत्येक संघाला एक बुटकं कुत्रं हवंच असतं. आमच्याकडे त्या जागी एक पॉमेरेनियन आहे. तो आयुष्यभर सोफ्यावर होता, आता त्याच्यावाचून संघ उभा राहत नाही.

भुरीला मात्र फ्लायबॉल जमला नाही. गावठी कुत्र्याला एकच गोष्ट दहादा का करायची ते पटत नाही. परदेशी शर्यतींत बॉर्डर कोली जिंकतात, त्यांना काम संपूच नये असं वाटतं. भुरी चार वेळा चेंडू आणते आणि पाचव्यांदा माझ्याकडे बघते, की तुलाच नको होता तर टाकतेस कशाला. पण अ‍ॅजिलिटीत क्रम दर वेळी नवा असतो, तिथे तिचं डोकं चालतं. नागमोडी काठ्या तिच्याइतक्या सफाईने आमच्यातलं एकही जातिवंत कुत्रं करत नाही. पेडिग्रीवाल्यांनो, राग मानू नका. आणि हस्की घेणार असाल तर आधी मे महिन्यात एक दुपार नाशिकच्या गच्चीवर स्वेटर घालून बसा.

सोसायटीचं सांगते. तिसऱ्या महिन्यात मी त्या मुलीच्या आईला विचारलं, एक रविवार लांबून बघायला याल का. आल्या. मुलगी पन्नास फुटांवर स्कूटरवर बसून राहिली. मी तिला स्टॉपवॉच दिलं, वेळ लावणारं कुणी नव्हतंच. चार रविवार ती स्कूटरवरूनच वेळ लावत होती. पाचव्या रविवारी म्हणाली, ‘काकू, इथून रेघ नीट दिसत नाही.’ आणि रेघेपाशी येऊन उभी राहिली. भुरी बसलेली, हलली नाही. मी दहा पावलं पुढे होते आणि माझे पाय कापत होते. मग त्या मुलीनेच सांगितलं, ‘सोडा.’

ती आता बारा-तेरा वर्षांची आहे. भुरीला हात अजून लावत नाही, आणि मी कधी लाव म्हणत नाही. पण लिफ्टने दोघी बरोबर येतात, भुरी कोपऱ्यात टेकलेली. सह्यांच्या कागदाचं काय झालं? इतिवृत्तात ‘विषय स्थगित’ असं लिहिलंय, अजूनही तसंच आहे. चौथ्या मजल्यावरचे एक काका भुरी दिसली की आजही जिन्याने जातात. त्यांना कुत्री आवडावीत अशी सक्ती कशाला? मी त्यांच्या फिरायच्या वेळा विचारून घेतल्या आणि आमच्या बदलल्या.

ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. कुत्रं वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत उंच उड्या नाहीत, हाडं कच्ची असतात. रेबीजची लस झालेली हवी, कार्ड बघितल्याशिवाय मी मैदानात घेत नाही. उन्हाळ्यात आठच्या आत संपवतो, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. आणि हे नाशिककरांना खास सांगायला हवं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होतात. प्रसादातला बेदाण्याचा शिराही नको. आपल्याकडे हंगामात घरोघरी पेटी येते आणि लाडाने एखादा मणी टाकला जातो. टाकू नका. खाल्लाच तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

शेवटी एक काम काढते, त्यासाठीच खरं तर माइक मागून घेतला. सिंहस्थ आलाय, तपोवनात साधुग्राम बसणार, त्यामुळे आमची जागा जाणार. जायलाच हवी, बारा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांशी कुणी भांडतं का! पण तोवर आम्हाला कुठेतरी जागा हवी. इथे आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ भागातले मळेवाले वर्गमित्र बसलेत. कुणाकडे वीस-पंचवीस मीटर सपाट, कुंपण असलेली जागा रविवारी दोन तास मिळाली तर सांगा. भाडं देऊ, शेण-काटे आम्ही साफ करू, सामान आमचं आम्ही आणू. फक्त द्राक्षबागेला लागून नको.