जायचं म्हटलं की हिशेब मांडावा लागतो



मालेगावची पोरं घर सोडत नाहीत, ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. दोष देतात अम्मी-अब्बांच्या मायेला. मला ते पटत नाही. १८५७ नंतर उत्तरेतून इथं आलेल्या मोमीन विणकरांना माया कमी होती का? पण त्यांच्यातली घरंच्या घरं निघाली. आज एकट्यानं निघायचं असतं.

एकट्याचा हिशेब वेगळा. लूम बारा-बारा तासांच्या पाळीत चालतो. अब्बांचा, भावाचा, तुमचा आठवड्याचा पगार एकाच डब्यात पडतो. त्यातून किराणा, दादीचं औषध, बहिणीचं लग्न. घरी राहिल्यानं तुमचं भाडं वाचतं, खरंय. पण तुम्ही गेलात तर डब्यातला एक पगार कमी होतो, आणि पुण्यात खोलीचं डिपॉझिट आधी मोजावं लागतं. शिवाय नाव सांगितल्यावर ‘खोली कालच गेली’ हेही ऐकावं लागतं. जो थांबतो त्याला भित्रा म्हणू नका.

हजरत उवैस करनींचं उदाहरण आपल्याला नेहमी देतात. आईच्या सेवेसाठी ते येमेनमध्ये राहिले, रसूलुल्लाहंची (स.) भेट राहून गेली. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. नंतर तेही येमेन सोडून कूफ्याला गेले.

मुलींचं तर आणखी अवघड. नाशिक इथून शंभरेक किलोमीटर. शिकायला पाठवायचं म्हटलं की लांब वाटतं. आणि स्थळ भिवंडीचं आलं की? तेव्हा अंतर कुणी मोजत नाही! सासर सोडून दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मुलीनं घराबाहेर राहावं, हे आपल्या मोहल्ल्यात अजून रुळलेलं नाही. भावांनो, इथं तुमचा शब्द चालतो. तो बहिणीसाठी टाका.

घरी बोलताना नुसतं ‘मला जायचंय’ म्हणू नका. कागदावर लिहून न्या: किती महिने पैसे पाठवता येणार नाहीत, त्यानंतर किती पाठवाल, अब्बांना दवाखान्यात कोण नेईल. भावंडांना आधी विचारा, मग त्यांची नावं लिहा.

दाराशी दोन वह्या ठेवल्यात. नाशिक, पुणे, मुंबईत ज्यांच्या खोलीत एक जागा आहे, त्यांनी पहिलीत नाव लिहावं. ज्यांना जायचंय त्यांनी दुसरीत. मुलींच्या खोल्यांसाठी वेगळं पान आहे. ते अजून कोरं आहे.