कायद्यामागचे ज्ञान

कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, अशी व्याख्या जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिपंडिताने १८३२ साली केली. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. आज्ञा देण्यापूर्वी सत्तेला पुष्कळ काही जाणून घ्यावे लागते. प्रजा कोण, तिच्या चालीरीती कोणत्या, कोणाचा वारस कोण, हे ठरविल्यावाचून निवाडा होत नाही. मिशेल फूको या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७५ साली तुरुंगाच्या इतिहासावर जो ग्रंथ लिहिला, त्यात सत्ता व ज्ञान एकमेकांना जन्म देतात, असे प्रतिपादन केले. त्याची उदाहरणे मुख्यतः फ्रान्समधील होती. परंतु त्याच्या विचाराचे मर्म समजण्यास आपल्या देशाचा इतिहासही पुरेसा आहे.

१७७२ साली बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने नियम केला, की वारसा, विवाह, जात इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे व मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय मिळावा. लोकांवर परका कायदा लादू नये, हा हेतू उदार होता. पण लोकांचा ‘स्वतःचा’ कायदा कोणता, हे सांगणार कोण? अकरा पंडितांनी संस्कृतात संग्रह रचला, त्याचे फार्सी भाषांतर झाले आणि फार्सीवरून हॅल्हेडने इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो १७७६ साली छापला गेला. विणकराला, शेतकऱ्याला, विधवेला कोणी विचारले नाही. गावोगावी निराळी असलेली वहिवाट मागे पडली आणि पोथी पुढे आली.

पुढे सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाला पंडितांवर विसंबून राहणे धोक्याचे वाटले. तो स्वतः संस्कृत शिकला आणि १७९४ साली त्याचे मनुस्मृतीचे भाषांतर प्रसिद्ध झाले. १८६४ साली न्यायालयांतील पंडितांची पदेच रद्द झाली. ज्ञान आता पंडिताच्या मुखातून निघून न्यायाधीशाच्या कपाटात जाऊन बसले!

दख्खनमध्ये वाट थोडी निराळी होती. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील याने पोथीबरोबर जातीजातींच्या रूढींचीही माहिती गोळा केली. ती १८२७ साली छापली गेली. पण रूढी तरी कोणी सांगितली? जाणकार शास्त्र्यांनी आणि जातीच्या प्रमुखांनी. घरातील सुनेची साक्ष त्यात कोठून येणार? गोव्यातही पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या ‘फोराल’मध्ये गावकऱ्यांच्या वहिवाटी लिहून काढल्या. वहिवाट मान्य झाली खरी. परंतु त्याच लेखात राजाचा सारा देण्याचे बंधनही पक्के झाले.

१८६८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरविले, की रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती शास्त्रवचनाहून वरचढ मानावी. हा निर्णय दिलासा देणारा होता. मात्र रूढी सिद्ध करावयाची तर साक्षीदार हवेत, वकील हवा, पैसा हवा. पोथीला पुरावा लागत नाही. गरिबाच्या चालीला लागतो. सत्तेची खरी गोम येथे आहे. ती दंडुक्यात असते त्याहून अधिक, कोणाचे म्हणणे पुराव्यावाचून खरे धरावयाचे या निवडीत असते.

म्हणून लेखी कायदाच नको, असा अर्थ कोणी घेऊ नये. लिहिलेला नियम प्रजेला बांधतो, तसा तो राजालाही दाखविता येतो. अलिखित लहरीपुढे मात्र दुबळ्याला काहीच दाखविता येत नाही. शिवाय एकदा लिहिलेले पुन्हा लिहिता येते. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलार्जित मालमत्तेवर मुलाचा जन्मतः हक्क असे, मुलीचा नसे. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना काही हक्क दिले, पण हा भेद राहिलाच. तो मिटण्यास २००५ सालची दुरुस्ती व्हावी लागली. ही कायदेमंडळे लोकांनी निवडलेली होती आणि त्यांत स्त्रियाही बसत होत्या, हा फरक लहान नव्हे.

कायद्याचा आदर करावा. तो नागरिकाचा धर्मच आहे. परंतु कोणतेही कलम वाचताना सुजाण नागरिकाने एवढे अवश्य विचारावे : हे लिहिताना कोणाची साक्ष घेतली, आणि दाराबाहेर कोण उभे राहिले?